मेकॅनिकल मॉड : घेण्याआधी थोडे गणित

ऊद मेथातील एका स्नेह्यांनी विचारले, "मुलगा सिगारेट सोडून व्हेप घेणार म्हणतो. मेकॅनिकल मॉड कोणता बरा?"

हा मॉड म्हणजे पितळेची किंवा तांब्याची नळी. आत सर्किट नाही. बटण दाबले की बॅटरीचा प्रवाह थेट कॉइलमध्ये. शाळेतला ओहमचा नियम आपणच सांभाळायचा. पूर्ण भरलेला सेल 4.2 व्होल्टचा, कॉइल 0.2 ओहमची, तर प्रवाह 21 अँपिअर. 20 अँपिअरच्या सेलला तो झेपणारा नाही. 0.5 ओहमला 8.4 अँपिअरच लागतात. वायू निघायला नळीला भोके हवीत, बटणाला कुलूप हवे, सेलचे वेष्टण फाटलेले नको. 2018 मध्ये फ्लोरिडात असा मॉड फुटून एकजण दगावला. माझ्या मते घ्यायचाच तर सर्किटवाला घ्यावा. निकोटीन अर्थात दोन्हींत तेच!

आता खिशाचे. अमिरातीत 2019 पासून विक्रीला परवानगी आहे, पण 100 टक्के उत्पादन शुल्कही आहे. सुट्टीत मुंबईला जाताना मात्र बॅगेत मुळीच नको. भारतात 2019 च्या कायद्याने आयात बंद आहे. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही.