वराहपालनातील वीज : बचत कोठे करावी?

प्रश्न : तेरखेडा (ता. वाशी, जि. धाराशिव) परिसरात दहा माद्यांचे वराहपालन केल्यास विजेचा खर्च कसा आटोक्यात ठेवता येईल?

उत्तर : या व्यवसायात विजेचा मोठा वाटा पिल्लांना ऊब देण्यावर खर्च होतो. नवजात पिल्लांना सुमारे ३२ ते ३४ अंश सेल्सिअस तापमान लागते, तर त्यांच्या आईला २० अंशांच्या आसपासचे मानवते, म्हणून संपूर्ण खोली तापवणे चुकीचे ठरते. अडीचशे वॉटचा अवरक्त दिवा, म्हणजे प्रकाशापेक्षा उष्णता अधिक देणारा दिवा, अहोरात्र चालल्यास रोज ६ युनिट वीज घेतो. मात्र वरून झाकलेल्या, कोरड्या पेटीत ऊब टिकत असल्याने तेथे शंभर वॉटचा दिवा पुरू शकतो आणि खर्च २.४ युनिटांवर येतो. पिल्ले एकमेकांवर चढून झोपत असतील तर ऊब कमी आहे, दिव्यापासून दूर पसरली असतील तर जास्त आहे, असे समजावे.

डुकराला घामावाटे शरीर थंड करता येत नाही. मराठवाड्यातील कोरड्या उन्हाळ्यात पूर्व-पश्चिम लांबीची शेड, पांढरे छत आणि मादीच्या मानेवर थांबून थांबून पडणारे थेंब पंख्यांचा भार बराच हलका करतात.

विष्ठेपासून मिळणारा बायोगॅस डुकरांना खाऊ घालायचे हॉटेलचे उरलेले अन्न उकळण्यास वापरावा. आफ्रिकन स्वाइन फीव्हर हा डुकरांचा रोग अशा न उकळलेल्या अन्नातूनही पसरतो, त्यामुळे इंधन वाचवण्यासाठी उकळणे कधीही टाळू नये.