घड उघडून बघतेस ना?

तासगावला आमची द्राक्षबाग होती. ऑक्टोबरची छाटणी होऊन घड पोसायला लागले की वडील रोज पहाटे बागेत जायचे, आणि जाता-येता हाताला लागेल तो घड दोन बोटांनी अलगद फाकवून आत बघायचे. बाहेरून घड कसा दिसतो याला ते किंमत देत नसत. हे मी लग्न होईपर्यंत दर हंगामात पाहिलं. तरीही परक्या देशात, स्वतःच्या परसात, चार झाडांच्या बाबतीत मी ते विसरले, आणि एका वर्षाची सगळी मेहनत कचऱ्यात गेली.

ती चार झाडं गांजाची होती. मी कॅनडात ऑन्टारियोतल्या ग्वेल्फला राहते. इथं 17 ऑक्टोबर 2018 पासून गांजा कायदेशीर आहे आणि घरी चार झाडं लावायची मुभा आहे. माणशी चार नव्हे, घरटी चार. क्वेबेक प्रांतात तीही नाही. तिथली बंदी कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयानं 2023 मध्ये कायम ठेवली. भाड्याचं घर असेल तर करारात मनाई असू शकते, तो आधी वाचावा. आणि भारतात राहणाऱ्यांना स्पष्ट सांगते, तिकडं 1985 च्या अमली पदार्थांच्या कायद्याखाली एक झाड लावणं हासुद्धा गुन्हा आहे आणि दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी होऊ शकते. इथलं बी किंवा फूल सुट्टीला जाताना सामानात घालायचा विचारही मनात आणू नये. मी लिहितेय ते इथं कायद्यात राहून लावणाऱ्या आपल्या माणसांसाठी.

मणक्याच्या ऑपरेशननंतर माझी झोप गेली होती. डॉक्टरांशी बोलून मी रात्री अगदी थोडा गांजा घ्यायला लागले. मला उपयोग झाला. तुम्हाला होईलच असं मी म्हणणार नाही, ते तुमच्या डॉक्टरांना विचारा. ‘गांजेकस’ हा शब्द ज्या घरात शिवीसारखा वापरला जायचा त्या घरातली मी. त्यामुळे पहिली तीन वर्षं माहेरी कोणाला सांगितलं नाही. आता बाग बघणाऱ्या दादानं फोनवर विचारलं, परसात काय लावलंयस, की मी टोमॅटो आणि झेंडू म्हणायचे. तेही होतेच. पण हे लपवणं मला महागात पडलं, कारण ज्याला विचारायला हवं होतं त्यालाच मी विचारलं नाही.

हे झाड रात्रीच्या लांबीवर चालतं. जूनमध्ये आमच्याकडे दिवस पंधरा तासांच्या वर असतो, तेव्हा ते नुसतं वाढत राहतं. ऑगस्टच्या पहिल्या-दुसऱ्या आठवड्यात दिवस चौदा तासांच्या आसपास उतरला की त्याला रात्र लांबल्याचं कळतं आणि फुलोरा धरायला सुरुवात होते. पेरापाशी बारीक हिरवी कळी येते. तिच्यातून दोन पांढरे केस बाहेर आले तर झाड मादी. केस नसलेल्या बोंडांचा गुच्छ लोंबला तर नर, आणि तो त्याच दिवशी उपटायचा, नाहीतर माद्यांच्या फुलांत बी भरतं. ही पारख काही आजची नाही. ब्रिटिश सरकारच्या 1893-94 च्या भांग-गांजा चौकशी आयोगाच्या अहवालात बंगालमधल्या नौगावच्या गांजाच्या शेतांचं वर्णन आहे. तिथं नर झाडं ओळखून काढायला पोद्दार नावाचा खास जाणकार बोलावत. हल्ली दुकानात बहुतेक मादीच निघेल असं बी मिळतं, तरी ऑगस्टमध्ये प्रत्येक पेर तपासावं.

फुलोरा धरल्यापासून फूल पिकेपर्यंत जातीप्रमाणे सात ते दहा आठवडे लागतात. माझ्या सगळ्या चुका या आठवड्यांतल्या आहेत. झाड वाढवताना मी एकदाही चुकले नाही. चुकले ते वाट बघताना.

पहिल्या वर्षी मी घाई केली. सप्टेंबरच्या मध्यावर दोन दिवस पाऊस झाला आणि पांढरे केस तांबूस झाले. कुठंतरी ऐकलं होतं की केस तांबडे झाले की फूल पिकलं. मी सगळी झाडं कापली. ते केस पावसाच्या मारानं काळवंडले होते, पिकल्यामुळे नव्हे. पाऊस, हाताळणं, परागण, कशानंही केस रंग बदलतात, म्हणून एकट्या केसांवर विश्वास ठेवू नये. वर ते ओलं पीक मी स्वयंपाकघरात हीटरच्या झरोक्यासमोर टांगलं. तीन दिवसांत कुरकुरीत झालं आणि वास आला वाळल्या गवताचा. झोपेला तर काडीचा उपयोग झाला नाही.

दुसऱ्या वर्षी झाडांना दम खाऊ दिला नाही. फुलं भरत नाहीत असं वाटलं की खत घालायचे, तेही हिरव्या वाढीचं, नत्राचं. पानांची टोकं करपली, पानं काळपट हिरवी होऊन खाली वळली, फुलं मात्र विरळच राहिली. फुलोऱ्यात नत्र कमी लागतं, आणि शेवटच्या दोन-तीन आठवड्यांत खालची पानं पिवळी पडणारच. झाड पानातलं काढून फुलाला देतं. ते पिवळेपण बघून बरणीतला चमचा उचलायचा नाही, हे शिकायला मला एक हंगाम लागला. त्याच वर्षी मागच्या दाराचा दिवा रात्रभर चालू राहायचा. एका झाडाच्या मादी फुलांत केळीच्या घडासारखे पिवळे पुंकेसर निघाले आणि पीक बियांनी भरलं. दिव्यामुळेच झालं असं मी छातीठोक सांगणार नाही, पण अंधार मोडल्याचा ताण झाडाला बसला की असं होऊ शकतं हे नक्की. पुढच्या वर्षीपासून तो दिवा सूर्यास्तानंतर बंद ठेवला आणि तसं पुन्हा झालं नाही.

तिसऱ्या वर्षाबद्दल मात्र सविस्तर लिहायला हवं. त्या वर्षी सगळं जमून आलं होतं. झाडं माझ्या खांद्याला लागत होती. मधला तुरा माझ्या मनगटापेक्षा जाड, राळेनं चिकट, हात लावला तर लिंबाच्या सालीसारखा वास दुपारपर्यंत बोटांना राहायचा. दोन वर्षांच्या अनुभवानंतर मी ठरवलं होतं, यंदा घाई करायची नाही. रोज संध्याकाळी खुर्ची टाकून झाडांसमोर बसायची आणि त्यालाच धीर धरणं समजायची. सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात आम्हाला ओळखीच्यांकडे लग्नाला जायचं होतं. दोन रात्री बाहेर. पाऊस सांगितला होता. माझे यजमान म्हणाले, वरचे तुरे तरी उतरवून ठेव. मी म्हटलं, अजून आठवडाभर भरतील.

परत आलो ती सकाळ स्वच्छ होती. झाडं उभी होती, हिरवीगार, दहिवरानं चमकणारी. मला बरं वाटलं. मग मधल्या तुऱ्यात एक पान दिसलं, करंगळीएवढं, एकटंच पिवळं. आजूबाजूची सगळी हिरवी. मी ते धरलं तर ओढावं लागलंच नाही, हातात आलं. देठाकडची बाजू काळी आणि मऊ होती. तेव्हा कुठं मी दोन बोटांनी तुरा फाकवला. आत तपकिरी चिखल झाला होता, त्यावर राखाडी लव, आणि बोट लागताच धुरासारखी बारीक पूड उडाली. बाहेरून एक इंचही बिघडलेलं नव्हतं. द्राक्षाच्या घडात ओल कोंडली की आतल्या मण्यांचं जे होतं तेच होतं ते. बोट्रायटिस नावाची ही करडी बुरशी द्राक्षालाही लागते आणि गांजालाही. मी वडिलांची लेक, आणि पाच आठवडे मी एकही तुरा उघडून पाहिला नव्हता.

त्यानंतर जे केलं ती दुसरी मोठी चूक. जीव तुटत होता म्हणून मी कुजलेला तेवढाच भाग कापला, त्याच कात्रीनं बाकीचे तुरे उतरवले आणि तळघरात दाटीवाटीनं टांगले. पाचव्या दिवशी दार उघडलं तर कुबट वास. जे चांगलं म्हणून वाचवलं होतं त्यातही लव चढली होती. सगळं पिशव्यांत बांधून टाकून दिलं. यजमान म्हणाले, थोडं ठेवून बघ, वरचं बरं दिसतंय. नाही ठेवलं, आणि ते मात्र मी योग्य केलं. बुरशी लागलेलं फूल धुऊन, भाजून, निवडून, कसंही वापरू नये. ते छातीत जातं. ज्याची प्रतिकारशक्ती आधीच कमी आहे त्याला ते जिवावर बेतू शकतं, आणि घरी औषध म्हणून लावणारे बरेचदा असेच आजारी असतात.

त्या रात्री मी दादाला फोन करून खरं सांगितलं. काय लावलंय, का लावलंय आणि काय झालं. तो बराच वेळ गप्प होता. मला वाटलं आता बोलणी खावी लागणार. मग त्यानं एवढंच विचारलं, “घड उघडून बघतेस ना गं?” मला रडू आलं. मग तासभर तो बोलत होता, द्राक्षाचंच. विरळणी कर. घडाला घड लागू देऊ नको. आतली पानं काढ, हवा खेळती ठेव. ओल राहिली की बुरशी आलीच, ऊन कितीही असो. चौथ्या वर्षापासून मी जे करते ते जवळजवळ सगळं त्या फोनमधलं आहे.

आता मी चारऐवजी दोनच झाडं लावते, मध्ये माणूस फिरेल एवढं अंतर ठेवून. लवकर पिकणारी जात घेते. आमच्याकडे सप्टेंबर अखेर ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला पहिलं हिव पडतं, त्यामुळे ऑक्टोबरच्या मध्यावर पिकणारी जात इथं उघड्यावर लावणं म्हणजे हट्ट. जूनमध्ये शेंडे खुडते, म्हणजे एका जाड तुऱ्याऐवजी आठ-दहा मध्यम तुरे येतात. दिसायला कमी देखणे, पण त्यांच्या आत वारा जातो. फुलोरा धरल्यावर पोटातली, सावलीतली पानं काढते, उन्हातली नाही. पाणी सकाळी, बुडाशी, फुलांवर थेंब न पडू देता. चार खांबांवर पारदर्शक प्लॅस्टिकचं छप्पर घालते, बाजू पूर्ण उघड्या. झाड गुंडाळायचं नाही, आत वाफ धरते. पहाटे दहिवर पडलेलं असलं तर खोड धरून हलकेच झटकते.

आणि रोज एक फेरी. बसायचं नाही, बघायचं. सुटं पिवळं पान दिसलं की थांबायचं, कारण सगळीकडची जून पानं पिवळी पडणं वेगळं आणि तुऱ्याच्या मधोमध एखादंच पान मरणं वेगळं. अळीची काळी लेंडी दिसली तरी तुरा उघडायचा. अळी आत शिरते, घाण करते आणि तिथूनच कूज सुरू होते. कूज सापडली तर ती दिसते तिथं कापायचं नाही, दोन-तीन बोटं खाली निरोगी भागात कापायचं, तुकडा थेट पिशवीत, कात्री दर कापाला स्पिरिटनं पुसायची, आणि हात धुतल्याशिवाय दुसऱ्या झाडाला लावायचा नाही.

पिकलं का हे बघायला सोनाराकडे असतं तसं भिंग घेतलं, साठपट मोठं दाखवणारं. फुलावर राळेचे टाचणीसारखे दाणे असतात. आधी काचेसारखे स्वच्छ, मग दुधाळ, मग एकेक मधाच्या रंगाचा. मी बहुतेक दुधाळ आणि थोडे मधाळ दिसले की कापते. दाणे फुलावरचे बघावेत. पानांवरचे आधी पिकतात आणि फसवतात. सगळं झाड एका दिवशी कापायची गरज नसते, ही गोष्ट मला कुणी आधी सांगितली असती तर बरं झालं असतं. वरचे तुरे आधी पिकतात, ते उतरवायचे. खालच्यांना ऊन मिळतं आणि आठवडा-दहा दिवसांत ते भरतात. आणि तीन दिवसांचा पाऊस सांगितला असेल, तुरे नव्वद टक्के झाले असतील, तर कापावेत. थोडं कच्चं फूल वापरता येतं, कुजलेलं येत नाही.

वाळवण अंधाऱ्या खोलीत, अठरा-वीस अंशांत, एकमेकांना न लागता, पंखा भिंतीकडे तोंड करून. दहा ते चौदा दिवस. बारीक काडी वाकवली आणि कट्कन मोडली की काचेच्या बरणीत भरायचं, पाऊणच भरायचं, आणि पहिले दोन आठवडे रोज थोडा वेळ झाकण उघडायचं. नाकाला अमोनियासारखा वास आला तर ते ओलं आहे, लगेच पसरून ठेवावं. बरण्या माझ्या कपाटात कुलपात असतात. नातू पाच वर्षांचा आहे, आणि किल्ली कुठं असते ते फक्त मला आणि यजमानांना माहीत आहे.

परवा दादाचा फोन आला. तिकडं परतीचा पाऊस लांबला होता, छाटणी पुढं ढकलावी का या विचारात तो होता. बोलता बोलता म्हणाला, “तुमच्याकडं काय म्हणतंय आभाळ?” मी म्हटलं, “उद्यापासून तीन दिवस पाऊस सांगितलाय. वरचे सहा तुरे आज सकाळी उतरवले, उघडून बघितले, सगळे कोरडे निघाले.” “आणि खालचे?” त्यानं विचारलं. खालचे मी दुपारी बघणार होते. “मग ठेव फोन,” तो म्हणाला, “जा बघून ये.”