आख्यानासाठी राखलेली रात्र

सिंधुदुर्गातल्या जत्रेत दशावतार खरा रंगतो तो पहाटे तीनच्या सुमारास. मुंबई-पुण्याहून आलेली माझ्या वयाची बरीचशी माणसे तोवर निघून गेलेली असतात. संध्याकाळपासून दर्शनाच्या रांगेत उभी राहिलेली, ओटी भरलेली, दुकाने हिंडलेली, खुर्चीसाठी तासभर वणवण केलेली आणि शेवटी ‘आता पाय राहिले नाहीत’ म्हणत गाडीत बसलेली. जत्रा त्यांनी पाहिली, पण ज्याच्यासाठी गाव रात्रभर जागतो ते राहून गेले. याची मला फार हळहळ वाटते, कारण निवृत्तीनंतरच्या माझ्या वर्षांत जो काही उत्कट आनंद मला मिळाला, त्यातला मोठा वाटा या रात्रींचा आहे.

मी डोंबिवलीची, शाळेतून निवृत्त झालेली. सासर कुडाळ तालुक्यातले; पण नोकरी होती तोवर रात्र म्हणजे दुसऱ्या दिवशीचे डबे आणि तपासायच्या वह्या. सहामाहीच्या सुट्टीत गावी जायचो, आणि जत्रा सुरू होण्याआधीच शाळा उघडायची. आता तुळशीचे लग्न झाले की आम्ही दोघे निघतो. बरोबर आमच्या ज्येष्ठ नागरिक संघातली दोन-तीन जोडपी असतात. हे सगळे लिहिते आहे ते अशाच एका रात्री आमच्यातल्या एका गृहस्थांना जे झाले त्यामुळे. आधी ती रात्र कशी असते ते सांगते, कारण तिचा क्रम कळल्याशिवाय पुढचे सांगणे पोहोचणार नाही.

कार्तिकापासून गावोगावच्या देवळांत जत्रा सुरू होतात. दिवसभर दर्शन, ओट्या, नवस. रात्री पालखी निघते, तरंग म्हणजे देवांचे सजवलेले खांब निघतात, देवळाला प्रदक्षिणा होतात. मध्यरात्र उलटत आल्यावर दशावतारी मंडळी उभी राहतात. गावात याला धयकालो म्हणतात. आधी आडदशावतार असतो: गणपती, ऋद्धिसिद्धी, सरस्वती, पूजेला आलेला भटजी, आणि मग वेद चोरणारा काळा संकासुर. हा संकासुर अस्सल मालवणीत बोलतो आणि समोरच्या लोकांची फिरकी घेत सगळ्यांना हसवतो. नवखा प्रेक्षक समजतो की दशावतार म्हणजे हेच, आणि उठतो. खरे म्हणजे इथून पुढे आख्यान सुरू व्हायचे असते.

आख्यान म्हणजे पुराणातली एखादी पूर्ण कथा. नाव दशावतार असले तरी दहा अवतार एकामागून एक दाखवतात असे नाही. लिहिलेली संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरतो, आणि राजपार्टी, स्त्रीपार्टी, खलनायक हे सगळे रंगमंचावर उभे राहून संवाद रचतात. एकाने धर्माचा मुद्दा टाकला की दुसऱ्याने त्याला तिथल्या तिथे उत्तर द्यायचे. सोबतीला पेटी, मृदंग आणि झांज. नेपथ्य म्हणून एक बाकडे, तेच सिंहासन. स्त्रियांच्या भूमिका पुरुषच करतात, आणि नवऱ्याने टाकलेल्या राणीचा विलाप असा करतात की समोर बसलेल्या बायका पदराने डोळे पुसतात. बाबी नालंग यांच्यासारख्या कलावंतांचे नाव आजही जिल्ह्यात आदराने घेतात. हे सवाल-जवाब चढत जातात आणि युद्धात झांजेचा ठेका वाढतो, तेव्हा घड्याळात तीन-साडेतीन वाजलेले असतात. उजाडताना दहीहंडी फुटते, काला होतो आणि रात्र संपते.

म्हणून माझे सांगणे एकच आहे: पहाटे तीनला आपण धडधाकट आणि जागे असले पाहिजे. बाकी सगळे त्या हिशेबाने ठरवावे.

आता त्या गृहस्थांचे. वय सत्तरीच्या पुढचे, रक्तदाबाची गोळी चालू, पण चालायला-फिरायला आमच्यापेक्षा तरतरीत. आख्यान ऐन भरात होते आणि ते उठले. उठले ते दोन पावले टाकून सरळ खाली बसले आणि आडवे झाले. डोळे उघडे, पण बोलेनात. अंगाला गार घाम. गावातल्या मुलांनी त्यांना उचलून देवळाच्या पडवीत नेले, पायांखाली उशी घेऊन ते उंच ठेवले. थोड्या वेळाने ते बोलू लागले. मुलांनी १०८ ला फोन केला होता, रुग्णवाहिका आली, तपासणी झाली आणि सुदैवाने त्यात मोठे काही निघाले नाही. डॉक्टरांनी विचारले, शेवटचे पाणी कधी प्यायलात? दुपारी. मुद्दामच प्यायले नव्हते, कारण रात्री लघवीला जायचे कुठे, ही चिंता. दुपारपासून पाणी नाही, पोटात भजी आणि चहा, त्यात रक्तदाबाची गोळी, तासन्तास एका जागी बसणे आणि एकदम उठणे. एवढे सगळे एकत्र आल्यावर रक्तदाब घसरणारच.

पाणी न पिण्याची ही सवय आमच्या वयात, विशेषतः बायकांत, इतकी पक्की आहे की तिच्याबद्दल कोणी बोलतही नाही. मी बोलते. जत्रेला जायच्या आधी त्या गावात राहायची सोय बघा, आणि ती देवळापासून चालत जाण्याच्या अंतरावर बघा. नातेवाईक, ओळखीचे घर, घरगुती निवास, काहीही चालेल. खोली दहा मिनिटांवर असली की स्वच्छतागृहाचा प्रश्न सुटतो, पाणी पिता येते, पाय दुखले तर पालखीनंतर तासभर पाठ टेकून आख्यानाला परत येता येते. हॉटेल सावंतवाडीला आणि जत्रा तीस किलोमीटरवर, असे केलेत तर यातले काहीच जमत नाही. कोकणातल्या घरांत पाहुण्याला नाही म्हणत नाहीत, पण जत्रेच्या रात्री प्रत्येक घर माहेरवाशिणींनी आणि मुंबईकरांनी भरलेले असते. आधी विचारून जावे, आणि रिकाम्या हाताने जाऊ नये.

औषधांचेही तसेच. जागरणाच्या दिवशी गोळ्या कधी घ्यायच्या हे निघण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारून कागदावर लिहून घ्यावे. स्वतःच्या मनाने वेळ पुढे-मागे करू नये. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनी उठताना चक्कर येते, पाणी कमी पडले की जास्तच. मधुमेह असेल तर जेवण घरी वेळेवर उरकूनच देवळाकडे जावे आणि मध्यरात्रीनंतर खायला पिशवीत काही ठेवावे. जत्रेतले खाजे मी आवडीने खाते, गुळाचा आणि आल्याचा तो वास म्हणजेच माझ्यासाठी जत्रा, पण इन्सुलिन घेणाऱ्याने त्यावर रात्र काढू नये. बसल्या जागी दर थोड्या वेळाने पावले हलवावीत. उठायचे असेल तेव्हा आधी खुर्चीच्या कडेला बसून दोन श्वास घ्यावेत आणि मग उभे राहावे.

बसण्याच्या जागेबद्दल गावकऱ्यांचे ऐकावे. एकदा मी पुढे, मोकळ्या आभाळाखाली खुर्ची मांडली, तर एक पोरगा आला आणि म्हणाला, “काकीनू, हयसर बसा, थंय दंव पडता.” त्याने मला पत्र्याच्या मांडवाखाली बसवले. दोनच्या पुढे खुर्च्या अक्षरशः ओल्या होतात. कानटोपी, शाल, पायमोजे आणि खुर्चीवर टाकायला जाड चादर, एवढे हवेच. पायांत बंद बूट किंवा मागे पट्टा असलेली चप्पल असावी. देवळाच्या चिऱ्याच्या पायऱ्या उंच-सखल असतात, दवाने निसरड्या होतात. आणि विजेरी, मोबाइलचा उजेड नव्हे. कोकणात फुरसे आहे, ते लहान असते आणि पाचोळ्यात दिसत नाही. पायवाट सोडून अंधारात बाजूला जाणे कोणीही करू नये, घाई कितीही असो.

गाडीचा धोका मला सगळ्यांत मोठा वाटतो. एसटीत ६५ ते ७५ वयाला अर्धे तिकीट आहे, २०२२ पासून पंचाहत्तरीच्या पुढच्यांना प्रवास मोफत आहे, २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धे तिकीट आहे. दिवसा याचा पुरेपूर फायदा घ्यावा. पण गावाकडची शेवटची एसटी संध्याकाळीच गेलेली असते, म्हणून लोक भाड्याची गाडी करतात. मग चालकही रात्रभर आपल्याबरोबर धयकालो बघतो, आणि पहाटे वळणावळणाच्या रस्त्याने आपल्याला परत नेतो. त्या वेळी त्याचे डोळे मिटत असतात. जवळ राहणे शक्यच नसेल तर चालकाला आधीच सांगून झोपायला जागा मिळवून द्यावी, त्याचे पैसे वेगळे द्यावेत, आणि पूर्ण उजाडून चहा झाल्याशिवाय निघू नये.

चार-पाच दिवसांत चार-पाच जत्रा असा बेत करणाऱ्यांना मी थांबवते. एका जागरणानंतरचा दिवस झोपेचा आणि त्यानंतरचा हलक्या भटकंतीचा. त्या भटकंतीलाही इथे उत्तम जागा आहेत. कुडाळजवळ पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी, कळसूत्री आणि चामड्याच्या बाहुल्या आहेत. परशुराम गंगावणे यांनी गुरांच्या गोठ्याचे संग्रहालय करून ही कला जपली. २०२१ साली त्यांना पद्मश्री मिळाली. पोथीतले एकेक चित्र समोर धरून कथा गाताना ऐकली की रात्रीच्या आख्यानाची बहीणच भेटल्यासारखे वाटते. सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफेचे पत्ते रंगवतात. दशावतारी गंजिफेची पाने १२०, दहा अवतारांची प्रत्येकी बारा. गोल पानावर एवढासा मत्स्य किंवा वराह रंगवणारा हात जवळून बघता येतो. तिथून मोती तलावाच्या काठाने चालत चितार आळीत लाकडी खेळणी आणि फळे बघावीत. हे सगळे दिवसाउजेडी, बसून, सावकाश होते.

जत्रा निवडताना लहान गावाची निवडावी. आंगणेवाडीची भराडीदेवीची जत्रा मोठी कीर्तीची, तिची तारीख पंचांगात नसते, गावकरी देवीचा कौल घेऊन ठरवतात. पण तिथे लाखोंची गर्दी असते आणि गुडघे दुखणाऱ्याने त्या गर्दीत रात्री शिरू नये असेच मला वाटते. लहान गावात दर्शन सकाळी अकराला शांतपणे होते. मग दुपारी जेवून झोपावे, अगदी पडदे ओढून. संध्याकाळी रांगेकडे वळूच नये. पालखीच्या वेळेला ताजेतवाने होऊन देवळात पोहोचावे. आमच्या गटात आता असा रिवाज आहे की ज्याला झोप येईल त्याने संकोच न करता खोलीवर जावे, दुसरा कोणीतरी त्याला सोडून येतो. एकटे कोणी जात नाही. सोडायला जाणाऱ्याचा एखादा प्रवेश बुडतो, त्याची कुरकूर अजून कोणी केलेली नाही.

आणि काला झाल्यावर लगेच पाठ फिरवू नये. प्रयोगाला तिकीट नसते. कलावंतांपर्यंत आपली पावती पोहोचवायची तर तोंडानेच. ‘रात्रीचा राजा, सकाळी डोक्यावर बोजा’ असे या मंडळींबद्दल म्हणतात. रंग पुसून, पेटारे बांधून ती निघण्याच्या तयारीत असतात, कारण त्याच रात्री दुसऱ्या गावात पुन्हा उभे राहायचे असते. कोणता संवाद आवडला ते नेमके सांगावे, ऐपतीप्रमाणे बक्षीस द्यावे. गेल्या खेपेला राणी झालेल्या नटाला मी त्याचा विलाप आवडल्याचे सांगितले, तर त्याने विचारले, “रात्री नेरूरला येणार?” जायची फार इच्छा होती. आम्ही त्याला परवाचे गाव विचारून घेतले आणि झोपायला गेलो.