पोरक्या मुलांची निवासी शाळा : एक अभ्यास

अनाथ मुलांसाठी निवासी शाळा काढावयाची म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे प्रथम इमारत उभी राहते. जागा, पायाभरणी, देणगीदारांच्या नावांची फरशी, उद्घाटनाचा समारंभ. वास्तविक हा त्यातला सोपा भाग होय. कठीण प्रश्न दोन आहेत. मूल पोरके होते तेव्हा त्याचे नेमके काय हरवते? आणि उद्घाटनानंतर दहाव्या वर्षी त्याच्या जेवणाचा खर्च कोठून भागवावयाचा? आफ्रिकेतील रवांडा देशातल्या एका संस्थेने या प्रश्नांची उत्तरे कशी दिली, ते या पाठात पाहू.

पार्श्वभूमी : 1994 साली एप्रिल ते जुलै या सुमारे शंभर दिवसांत रवांडात तुत्सी लोकांचा वंशसंहार झाला. लक्षावधी माणसे मारली गेली आणि असंख्य मुले पोरकी झाली. मूळच्या दक्षिण आफ्रिकेच्या व पुढे न्यूयॉर्कला स्थायिक झालेल्या वकील ॲन हेमन यांच्यापुढे 2005 साली या मुलांचा प्रश्न आला. दुसऱ्या महायुद्धातील संहारानंतर पोरक्या झालेल्या ज्यू मुलांना इस्रायलने निवासी 'युवाग्रामां'त वाढविले होते. कार्मेल डोंगरावरील येमिन ओर्दे हे 1953 साली स्थापन झालेले असेच एक युवाग्राम. त्याचा आदर्श ठेवून किगालीच्या पूर्वेस, रुबोना येथील 144 एकर जमिनीवर 2008 साली 'अगाहोझो-शालोम' युवाग्राम सुरू झाले. रवांडाच्या भाषेत अगाहोझो म्हणजे जेथे अश्रू पुसले जातात ती जागा; शालोम म्हणजे शांती. येथे सुमारे 500 मुलामुलींची सोय आहे.

घराची रचना : येथे शेकडो खाटांची लांबच लांब दालने नाहीत. मुलांची लहान लहान कुटुंबे करून प्रत्येकास एक घर दिले आहे. घरात एक 'आई' असते. सुरुवातीच्या आयांपैकी अनेकींनी संहारात आपली माणसे गमावली होती. रात्री घरातील सर्वजण एकत्र बसून दिवसाचे सुखदुःख बोलतात. आधी आपले मन सांधावे, मग जग सांधावे, हे येथील सूत्र. म्हणून मुले आसपासच्या गावात सेवाकार्यही करतात. नेहमी घेणाऱ्याच्याच जागी बसलेले मूल ताठ मानेने उभे राहत नाही, हे मर्म ध्यानात घ्यावे.

खर्चाची तरतूद : संस्थेने आपल्या जमिनीचा काही भाग सौरऊर्जा प्रकल्पास भाड्याने दिला. 2014 साली तेथे 8.5 मेगावॉट क्षमतेचे केंद्र सुरू झाले. वीज देशाच्या जाळ्यात जाते आणि भाड्याचे उत्पन्न संस्थेस मिळते. एवढ्याने सर्व खर्च भागतो असे नाही; देणग्या लागतातच. परंतु त्याच वर्षी जानेवारीत हेमन यांचे अपघाती निधन झाले, तरीही युवाग्राम पुढे चालू राहिले. संस्था एका व्यक्तीच्या आयुष्यावर टांगून ठेवू नये, हा धडा येथे मिळतो.

एक सावधगिरी : प्रत्येक अनाथ मुलास वसतिगृहच हवे असे नाही. आफ्रिकेत बहुसंख्य पोरकी मुले आजी, मावशी, काका यांच्याकडे वाढतात. रवांडा शासनानेही 2012 साली अनाथालये बंद करून मुलांना कुटुंबांत पाठविण्याचे धोरण स्वीकारले. लहान मुलास नात्यातले घर मिळत असेल, तर त्या घरास मदत करणे अधिक हितकारक. अगाहोझो-शालोम माध्यमिक शिक्षण घेणाऱ्या किशोरवयीन मुलांसाठी आहे, हे विसरू नये.

संस्था बंद पडली तर देणगीदाराचे पैसे जातात; मुलाचे मात्र घर दुसऱ्यांदा जाते. म्हणून पहिली वीट ठेवण्यापूर्वी शेवटच्या मुलाचे शिक्षण पुरे होईपर्यंतचा हिशेब मांडावा.

चर्चेसाठी प्रश्न :
1. वसतिगृह आणि घर यांत कोणता फरक असतो?
2. मुलाला नात्यातच ठेवून शिक्षण देणे केव्हा योग्य ठरेल?
3. आपल्या संस्थेजवळ देणगीखेरीज उत्पन्नाचे कोणते साधन होऊ शकेल?