फोन देण्याआधी: अंगणवाडीच्या वयासाठी

सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावात २०२२ च्या ऑगस्टमध्ये संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की दीड तास टीव्ही-मोबाईल बंद. तीन ते सहा वर्षांच्या पोरांना तंत्रज्ञान शिकवायचं तर पहिला धडा तोच.

काय करावे

• बंद करायला आधी शिकवा. चालू करणं पोरं बघून बघून शिकतातच. 'हे गाणं संपलं की तूच बटण दाब' असं आधीच ठरवा. फोन हिसकावून घेतला की रडारड ठरलेली. स्वतः बंद केला तर निदान निम्मी.

• फोनशिवायची यंत्रं दाखवा. बॅटरी, भाजीवाल्याचा वजनकाटा, कंडक्टरचं तिकीट मशीन, बागेतलं ठिबक. कॉक फिरवला की पाणी येतं, उलटा फिरवला की थांबतं. आधी काय, मग काय, हा क्रम इथेच कळतो आणि पुढे संगणकावर तोच लागतो. 'असं का झालं?' हे मात्र पोराला विचारा, लगेच सांगू नका.

• फोटो काढू द्या. कोंबडीचा फोटो हलला, तर का हलला यावर बोला. मुंबईच्या आत्याला व्हिडिओ कॉल लावायचा तर तिचा चेहरा पोराला शोधू द्या.

• वेळ मोजा. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस अशी: दोन वर्षांखाली स्क्रीन नको (नातेवाइकांचा अधूनमधून व्हिडिओ कॉल चालेल); दोन ते पाच वर्षांपर्यंत दिवसाला फार तर एक तास, तोही मोठ्यांच्या देखत. टीव्ही यातच धरायचा, हे आजोबांनाही सांगा.

काय टाळावे

• घास भरवताना फोन. पोट भरलं की नाही हेच कळेनासं होतं.

• चार वर्षांच्या पोराला कोडिंगचा क्लास. बालशिक्षणतज्ज्ञ ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, तिथं पानं-बियांवर काम भागत होतं. क्लासची फी वाचवा.

• 'ताई, मोबाईलवर शिकवा' हा अंगणवाडीतला हट्ट. सेविकेचा फोन पोषण ट्रॅकर या सरकारी अ‍ॅपवरच्या नोंदींसाठी आहे, आणि त्या नोंदी तिचा वेळ आधीच खातात.

• पोरासमोर पैसे पाठवायचा पिन दाबणं. तेवढे आकडे पोरं पाढ्यांच्या आधी पाठ करतात.

• चार्जर बोर्डात लावून वायर लोंबती ठेवणं. रांगतं भावंड ती तोंडात घालतं.