सन १८९३ : बंद दारे आणि उघडलेल्या वाटा

इतिहासात काही वर्षे अशी येतात की त्यांचे मोल त्या वर्षी जगणाऱ्यांना कळत नाही. पुढे दोन-तीन पिढ्या गेल्यावर मागे वळून पाहिले म्हणजे लक्षात येते की, पुष्कळ गोष्टींची सुरुवात तेव्हाच झाली होती. सन १८९३ हे भारतासाठी असे वर्ष होते.

त्या वर्षीच्या मुंबई बंदराकडे पाहू या. फेब्रुवारीत वीस वर्षांचा एक बंगाली तरुण इंग्लंडहून येऊन अपोलो बंदरावर उतरला. एप्रिलमध्ये तेवीस वर्षांचा एक गुजराती बॅरिस्टर दक्षिण आफ्रिकेला जाणाऱ्या जहाजात चढला. ३१ मे रोजी तीस वर्षांचा एक संन्यासी ‘पेनिन्शुलर’ नावाच्या जहाजाने अमेरिकेच्या प्रवासाला निघाला. अरविंद घोष, मोहनदास गांधी आणि स्वामी विवेकानंद हे तिघे चार महिन्यांच्या आत एकाच बंदरातून गेले. एकाने दुसऱ्याला पाहिले नव्हते. तिघांपैकी कोणाचेही नाव तेव्हा देशभर झालेले नव्हते.

या पाठात आपण त्या वर्षातील काही घटना पाहणार आहोत. तारखा पाठ करणे हा त्यामागचा हेतू नाही. दार बंद झाले, अपमान झाला, कोणी ओळखले नाही, त्यानंतर या माणसांनी दुसऱ्या दिवशी काय केले, ते पाहायचे आहे.

फेब्रुवारी : परतलेला तरुण

अरविंदांना वडिलांनी सातव्या वर्षीच इंग्लंडला शिकायला ठेवले होते. मुलाने आय.सी.एस. अधिकारी व्हावे अशी वडिलांची इच्छा होती. अरविंद लेखी परीक्षा उत्तीर्ण झाले, पण घोडेस्वारीच्या परीक्षेला उपस्थित राहिले नाहीत आणि ते दार बंद झाले. बडोदा संस्थानात नोकरी मिळाली म्हणून ते भारतात यायला निघाले. ते ज्या जहाजाने येत असल्याचे वडिलांना कळवले गेले होते, ते जहाज बुडाल्याची बातमी आली. मुलगा त्या जहाजात नव्हताच, पण हे कळण्यापूर्वीच त्या धक्क्याने वडिलांचे निधन झाले. मातृभाषा धड येत नाही, वडील राहिले नाहीत, अशा अवस्थेत हा तरुण चौदा वर्षांनी मायदेशी उतरला. पुढे त्यांनी सांगितले आहे की, अपोलो बंदरावर पाऊल ठेवताच एक विशाल शांती आपल्यात उतरली आणि ती कित्येक महिने टिकली.

त्याच वर्षी ऑगस्टपासून मुंबईच्या ‘इंदुप्रकाश’ या मराठी-इंग्रजी पत्रात त्यांची लेखमाला निनावी सुरू झाली. संपादक केशवराव देशपांडे हे त्यांचे केंब्रिजचे मित्र. जुने दिवे विझत आले आहेत, आता नवे दिवे हवेत, असा त्या लेखांचा रोख होता. अर्ज-विनंत्यांच्या राजकारणावर आणि सामान्य जनतेपासून दूर राहिलेल्या पुढाऱ्यांवर त्यांनी कडक टीका केली. न्यायमूर्ती रानड्यांनी पत्राच्या मालकांना सावध केले, लेखांचा सूर मवाळ करावा लागला आणि पुढे ती माला थांबली.

लेखणीचे दार असे अर्धे मिटल्यावर अरविंदांनी कोणाशी वाद घातला नाही. बडोद्याच्या तेरा वर्षांत ते संस्कृत शिकले, बंगाली, मराठी आणि गुजराती शिकले, रामायण-महाभारत आणि उपनिषदे मुळातून वाचली. जो देश आपला म्हणायचा, तो आधी समजून घ्यायचा, असे ते व्रत होते. १९०६ मध्ये ते कलकत्त्याला गेले, तेव्हा त्यांच्या शब्दांमागे हा सगळा अभ्यास उभा होता.

जून : एका स्थानकावरील रात्र

गांधीजी दादा अब्दुल्ला यांच्या पेढीच्या खटल्यासाठी डर्बनला गेले होते. ७ जून १८९३ च्या रात्री पहिल्या वर्गाचे तिकीट हाती असतानाही त्यांना पीटरमॅरित्झबर्गच्या स्थानकावर गाडीतून खाली उतरवण्यात आले. कारण एकच, कातडीचा रंग. तिकडे तेव्हा कडाक्याची थंडी होती. ओव्हरकोट सामानात होता आणि सामान रेल्वेच्या ताब्यात. कोट मागायला गेलो तर पुन्हा अपमान होईल, या भीतीने ते अंधाऱ्या प्रतीक्षालयात कुडकुडत बसून राहिले.

त्या रात्री त्यांच्यापुढे तीन वाटा होत्या. हक्कासाठी झगडावे, सरळ भारतात परतावे, किंवा अपमान गिळून खटला संपवावा आणि मग जावे. आपल्याला सोसावे लागले ते वरवरचे लक्षण आहे, खरा रोग वर्णद्वेषाचा आहे आणि तो हजारो देशबांधवांना रोज छळतो आहे, असा विचार त्यांनी केला. पळून जायचे नाही असे ठरले.

पुढच्या प्रवासात घोडागाडीच्या प्रमुखाने त्यांना मारले. तरीही ते प्रिटोरियाला पोहोचले आणि त्यांनी पहिले काम केले ते तिथल्या हिंदी लोकांची सभा बोलावण्याचे. ते त्यांच्या आयुष्यातील पहिले सार्वजनिक भाषण म्हणता येईल. विषय होता व्यापारातील सचोटी! ज्याला नुकतेच गाडीतून ढकलून दिले होते, तो आपल्याच लोकांना सांगत होता की, व्यवहारात खरे वागा, स्वच्छता पाळा, आपसातले भेद विसरा. कोणाला इंग्रजी शिकायचे असेल तर मी शिकवीन, असेही त्यांनी सांगितले. तिघे तयार झाले. एक न्हावी, एक कारकून आणि एक छोटा दुकानदार. त्यांना सवड असेल तेव्हा बॅरिस्टर गांधी त्यांच्याकडे जाऊन शिकवू लागले.

सत्याग्रह हा शब्द तेव्हा जन्मला नव्हता. पण इतरांकडून न्याय मागण्याआधी स्वतःची शुद्धी, आणि मोठ्या लढ्याआधी छोटी सेवा, हा त्यांच्या कार्याचा क्रम प्रिटोरियातच दिसतो.

जुलै ते सप्टेंबर : शिकागोची वाट

स्वामी विवेकानंदांना परिषदेला पाठवण्यासाठी मद्रासमध्ये अळसिंग पेरुमल या शिक्षकाने आणि त्यांच्या तरुण सोबत्यांनी दारोदार फिरून वर्गणी जमवली होती. खेतडीचे राजे अजितसिंह यांनीही मदत केली. जपानमधील योकोहामाहून ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ जहाजाने स्वामीजी २५ जुलैला कॅनडातील व्हँकुव्हरला उतरले. त्याच जहाजावर जमशेटजी टाटा होते. या सहप्रवासाची आठवण देऊन जमशेटजींनी १८९८ मध्ये आपल्या नियोजित संशोधन संस्थेसाठी स्वामीजींना पत्र लिहिले. बंगळूरची भारतीय विज्ञान संस्था १९०९ मध्ये त्याच संकल्पातून उभी राहिली.

शिकागोला पोहोचल्यावर कळले की परिषद सप्टेंबरात आहे, अधिकृत पत्राशिवाय प्रवेश नाही आणि नावनोंदणीची मुदतही संपली आहे. जवळचे पैसे झपाट्याने संपत होते. खर्च कमी होईल म्हणून ते बोस्टनकडे गेले. तिथे हार्वर्ड विद्यापीठातील ग्रीक भाषेचे प्राध्यापक जॉन हेन्री राइट यांची भेट झाली. राइट यांनी त्यांच्यासाठी परिचयपत्र लिहिले आणि शिकागोचे तिकीट काढून दिले.

पण शिकागोत परतल्यावर परिषदेच्या कार्यालयाचा पत्ता हरवल्याचे लक्षात आले. ती रात्र त्यांनी रेल्वेच्या मालधक्क्यावर एका रिकाम्या खोक्यात काढली. सकाळी श्रीमंत वस्तीत दारोदार मदत मागितली, तर नोकरांनी हाकलून दिले. थकून ते रस्त्याच्या कडेला बसले. तेव्हा समोरच्या घराचे दार उघडले. श्रीमती हेल बाहेर आल्या आणि विचारले, “आपण धर्मपरिषदेचे प्रतिनिधी आहात का?” त्यांनी घरात नेले, जेवू घातले आणि स्वतः परिषदेच्या कार्यालयात पोहोचवले.

११ सप्टेंबरला श्रोत्यांना भाऊ-बहीण म्हणून हाक मारणारे स्वामीजी आपल्याला ठाऊक आहेत. त्या व्यासपीठावर ते एकटे भारतीय नव्हते. जैन धर्माचे वीरचंद राघवजी गांधी, ब्राह्मसमाजाचे प्रतापचंद्र मजुमदार आणि मुंबईचे बी. बी. नगरकर हेही होते. आणखी एक गोष्ट आपण सहसा विसरतो. २० सप्टेंबरच्या भाषणात स्वामीजींनी स्पष्ट सांगितले की, भारतात धर्माची वाण नाही, तिथल्या उपाशी माणसाला भाकरी हवी आहे. कौतुकाचा पूर आला असतानाही ते मालधक्क्यावरची रात्र विसरले नाहीत आणि भुकेलेला देशही विसरले नाहीत.

त्याच सुमारास : मुंबई आणि पुणे

या वर्षाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. ऑगस्टमध्ये मुंबईत हिंदू-मुसलमानांचा मोठा दंगा झाला, माणसे मेली. महिनाभरातच शिकागोत स्वामीजी धर्मवेडाने पृथ्वी रक्ताने भिजल्याचे दुःख सांगत होते. ती वेदना परक्या देशाची नव्हती.

शिकागोची परिषद चालू असतानाच इकडे भाद्रपद सुरू होता. पुण्यात भाऊसाहेब रंगारी आदींनी सुरू केलेल्या सार्वजनिक गणपतीला लोकमान्य टिळकांनी ‘केसरी’तून पाठिंबा दिला आणि पुढच्या वर्षीपासून उत्सव वाढत गेला. घरातला देव चौकात आला आणि सभेला न येणारा माणूस उत्सवात येऊ लागला. त्याच वर्षी वेदांच्या प्राचीनतेवरचा टिळकांचा ‘ओरायन’ हा ग्रंथही प्रसिद्ध झाला. अभ्यासिका आणि चौक, दोन्ही त्यांनी एकाच वेळी सांभाळले. वर्षभरापूर्वी, १८९२ मध्ये, एक अनोळखी संन्यासी त्यांच्या घरी काही दिवस राहून गेला होता. तो कोण होता, हे शिकागोच्या बातम्या आल्यावर त्यांच्या ध्यानात आले.

नोव्हेंबर : सागरापलीकडून आलेली सेविका

१६ नोव्हेंबरला ॲनी बेझंट तुतिकोरिनला उतरल्या. वय सेहेचाळीस. १८८८ मध्ये लंडनच्या काडेपेटी कारखान्यातील मुलींच्या संपात त्या उभ्या राहिल्या होत्या. शिकागोच्या परिषदेलाही त्या होत्या. नाव आणि प्रतिष्ठा मिळालेला देश सोडून त्या आल्या आणि इथल्याच झाल्या. १८९८ मध्ये त्यांनी काशीत सेंट्रल हिंदू कॉलेज सुरू केले आणि १९१७ मध्ये त्या काँग्रेसच्या पहिल्या महिला अध्यक्षा झाल्या.

वाटा पुढे मिळाल्या

१८९३ मध्ये वेगवेगळ्या निघालेल्या या वाटा पुढे एकमेकींना भेटत गेल्या. १९०१ च्या कलकत्ता काँग्रेसनंतर गांधीजी स्वामीजींच्या दर्शनासाठी मोठ्या उत्साहाने बेलूर मठापर्यंत चालत गेले. स्वामीजी आजारी होते, कलकत्त्यातील घरी होते, भेट झाली नाही. १९०७ मध्ये सुरतेला टिळक आणि अरविंद एका बाजूला उभे होते. १९०८ मध्ये अलीपूरच्या तुरुंगात ध्यान करताना आपल्याला विवेकानंदांची वाणी ऐकू येत असे, असे अरविंदांनी सांगितले आहे. १९१६ मध्ये टिळक आणि बेझंट दोघांनीही होमरूलची चळवळ उभारली.

आपल्यासाठी

आपल्याही आयुष्यात मॅरित्झबर्गचे स्थानक येते. कोणी नाकारते, कोणी हिणवते, केलेल्या कामाची दखल घेत नाही. अशा वेळी मन दोनच गोष्टी सुचवते, उलटून मारावे किंवा सोडून द्यावे. या माणसांनी तिसरी गोष्ट केली. आपल्याला झालेल्या दुःखात त्यांनी इतरांचे दुःख ओळखले आणि हाताशी असलेले छोटे काम उचलले. कोणी तीन माणसांना इंग्रजी शिकवले, कोणी एक भाषा नव्याने शिकली.

अळसिंग पेरुमल आणि श्रीमती हेल यांनाही विसरू नये. वर्गणी गोळा करणारा शिक्षक आणि दार उघडणारी गृहिणी नसती, तर ११ सप्टेंबरचा दिवस तसा उगवला नसता. आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला व्यासपीठ येणार नाही. दार उघडण्याची संधी मात्र रोज येते.

मननासाठी

१. गेल्या वर्षभरात माझा जो अपमान झाला, तो आणखी कोणाकोणाला सोसावा लागतो?

२. त्यांच्यासाठी या आठवड्यात मी कोणते एक छोटे काम करू शकतो?

३. माझ्या दाराशी थकून बसलेल्या कोणाकडे माझे दुर्लक्ष तर होत नाही ना?