अनामत

(रस्त्यावर जखमी झालेल्या कुत्र्याच्या पिल्लाला कायमचे घर मिळेपर्यंत आपल्या घरी सांभाळणे, हेही एक काम आहे. ते कसे करतात, त्यात कोणत्या अडचणी येतात, हे लेखिकेने या पाठात आपल्या अनुभवातून सांगितले आहे.)

मित्रांनो, असे समजा, की तुमच्या मित्राचा मोठा भाऊ गावी गेला आणि जाताना आपली सायकल महिनाभरासाठी तुमच्याकडे ठेवून गेला. तुम्ही ती रोज पुसाल, तिच्यात हवा भराल, तिला पावसात भिजू देणार नाही. पण ती सायकल तुमची झाली का? नाही. ती विश्वासाने तुमच्याकडे ठेवलेली आहे. अशा वस्तूला उर्दूत 'अमानत' म्हणतात, हे तुम्हांला ठाऊकच आहे. हाच शब्द मराठीत आला. बोलता बोलता त्यातील अक्षरांची अदलाबदल झाली आणि तो 'अनामत' झाला. वाचनालयात किंवा कचेरीत 'अनामत रक्कम' असे लिहिलेले तुम्ही वाचले असेल.

आमच्या घरीही एकदा एक अनामत आली. ती वस्तू नव्हती. दोन महिन्यांचे कुत्र्याचे पिल्लू होते.

मुंबईत माझगावच्या एका जुन्या चाळीत आम्ही तळमजल्यावर राहतो. जुलै महिना होता. पाऊस कोसळत होता. शेजारचा मुलगा धावत आमच्या दारात आला. तो तेव्हा उर्दू शाळेत आठवीत होता. "मावशी, लवकर चला. नाक्यावर टॅक्सीने पिल्लाला धडक दिली," तो म्हणाला. आम्ही गेलो. पिल्लू गटाराच्या कडेला पडले होते आणि केविलवाणे ओरडत होते. त्याने हात पुढे केला, तेव्हा मी त्याला थांबवले. तुम्हीही हे लक्षात ठेवा. दुखत असलेले जनावर भीतीने चावते. ते वाईट असते म्हणून नव्हे, तर त्याला आपला हेतू कळत नाही म्हणून. म्हणून आधी मोठ्या माणसाला बोलवावे. आम्ही पिल्लावर जुना टॉवेल टाकला, त्याला अलगद गुंडाळले, पुठ्ठ्याच्या खोक्यात ठेवले आणि प्राण्यांच्या डॉक्टरांकडे नेले. (परळला जनावरांचे एक मोठे रुग्णालय आहे. त्याचे नाव बाई साकरबाई दिनशॉ पेटिट रुग्णालय. पण ते लोकांच्या तोंडी 'बैलघोडा हॉस्पिटल' झाले आहे. ते एकोणिसाव्या शतकापासून चालू आहे.)

पिल्लाचा मागचा डावा पाय मोडला होता. डॉक्टरांनी प्लास्टर घातले आणि सांगितले, "पाच आठवडे हे भिजता कामा नये. रस्त्यावर सोडले तर एका दिवसात भिजेल. पाय बरा होऊन चांगले घर मिळेपर्यंत कोणी सांभाळील का?"

अशा सांभाळण्याला इंग्रजीत 'फॉस्टर' म्हणतात. आपण त्याला तात्पुरता सांभाळ म्हणू. दत्तक घेणे वेगळे आणि हे वेगळे. दत्तक घेतलेला कुत्रा आपला होतो. इथे तो आपला होत नाही. तो कोणा दुसऱ्याचा व्हावा, यासाठी आपण त्याला तयार करतो. तुम्ही म्हणाल, त्यासाठी प्राण्यांचे आश्रम नाहीत का? आहेत. पण तिथे अनेक जनावरे जवळजवळ राहतात. लस न टोचलेल्या पिल्लाला तिथे आजार चटकन लागतो. शिवाय साधारण तिसऱ्या आठवड्यापासून चौदाव्या आठवड्यापर्यंत पिल्लू जे पाहते, ऐकते, त्याची भीती त्याला पुढे सहसा वाटत नाही. कुकरची शिट्टी, मुलांचा दंगा, पाहुण्यांची ये-जा यांची सवय घरातच होते.

पिल्लाचा रंग खारी बिस्किटासारखा होता, म्हणून मुलाने तिचे नाव 'खारी' ठेवले. त्याला तिला आपल्या घरी न्यायचे होते. पण त्याच्या नानींनी नाही म्हटले. तुमच्यापैकी अनेकांच्या घरीही हेच होईल. नमाज, पाकी यांमुळे कुत्रा घरात घेत नाहीत. काही घरांत लहान बाळ असते, काही ठिकाणी जागाच नसते. ही कारणे खोटी नाहीत आणि मोठ्यांना फसवून पिल्लू माळ्यावर लपवणे हे काही दयेचे काम नव्हे. अशा पिल्लाचे हालच होतात. नानींचे पुढचे वाक्य मात्र माझ्या लक्षात राहिले. त्या म्हणाल्या, "आत आणायचे नाही. पण दाराशी आलेल्या जिवाला उपाशीही ठेवायचे नाही." मग त्यांनी नातवाला एक गोष्ट सांगितली. एक माणूस विहिरीत उतरला, त्याने आपल्या चामडी मोज्यात पाणी भरले आणि तहानेने व्याकूळ झालेल्या कुत्र्याला पाजले, ही ती गोष्ट. ती तुम्हीही ऐकली असेल.

शेवटी असे ठरले. खारी आमच्याकडे राहील. नानी रोज मीठ-मसाला न घालता शिजवलेला भात आणि कोंबडीचे हाडे काढलेले तुकडे पाठवतील. मुलगा शाळेतून आल्यावर आमच्या पडवीत बसून तिची काळजी घेईल आणि हातपाय धुऊन, कपडे बदलून घरी जाईल. सांभाळ असा वाटूनही घेता येतो.

पहिल्या रात्री खारीने काही खाल्ले नाही. ती दाराकडे तोंड करून कोपऱ्यात बसली. मी जवळ गेले, की थरथरे. माझ्या मनात आले, बिचारीला दूध द्यावे. मी वाटीभर म्हशीचे दूध दिले. ते तिने रात्री उशिरा चाटले आणि सकाळपर्यंत तिचे पोट बिघडले. डॉक्टर मला रागावले, ते बरोबरच होते. पुष्कळ कुत्र्यांना गाई-म्हशीचे दूध पचत नाही. कांदा, लसूण, द्राक्षे, चॉकलेट हे तर त्यांना विषासारखे आहे. शिजवलेल्या हाडाच्या कपच्या आतड्यात रुततात. मी चाळीस वर्षे संसार केला, पण हे मला माहीत नव्हते.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिने आपणहून भात खाल्ला. तेव्हा आम्ही फक्त लांब बसून होतो. घाबरलेल्या जनावराला उचलून घेऊन प्रेम दाखवायचे नसते. त्याला जागा द्यायची, वेळ द्यायचा आणि त्याने जवळ यायची वाट पाहायची. आमच्या मुलाला हे फार जड गेले. तिसऱ्या दिवशी खारीने त्याच्या चपलेवर डोके ठेवले आणि ती झोपली. तो तासभर पाय न हलवता बसला. पायाला मुंग्या आल्या, तरी उठला नाही.

मग काम सुरू झाले. ते काम गमतीचे नाही, हे आधीच सांगते. बाहेर नेताना प्लास्टरवर प्लास्टिकची पिशवी बांधायची, आत आल्यावर ती लगेच सोडायची. दर तीन तासांनी शी-शूसाठी न्यायचे. घरात घाण केली तर ओरडायचे नाही, मुकाट्याने पुसायचे. जंताचे औषध द्यायचे. लस टोचायला न्यायचे. पहिली लस दुसऱ्या महिन्यात, मग तीन-चार आठवड्यांच्या अंतराने पुढच्या, आणि तीन महिन्यांची झाल्यावर रेबीजची. माझी एक चप्पल आणि माझ्या पतींच्या चष्म्याचे घर तिने चावून टाकले. आमचे शेजारी दोनदा तक्रार घेऊन आले.

रेबीजचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट स्पष्ट सांगते. कुत्रा चावला किंवा त्याच्या दाताने नुसते खरचटले, तरी जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा आणि त्याच दिवशी दवाखान्यात जा. तिच्यावर हळद किंवा मिरची लावू नका. मार बसेल या भीतीने घरी लपवूही नका. रेबीजची लक्षणे दिसू लागल्यावर माणूस बहुधा वाचत नाही. पण वेळेवर लस घेतली तर हा रोग टाळता येतो.

याच काळात मुलाने एक वही केली. तो तिच्यात रोज उर्दूत लिहायचा: आज काय खाल्ले, कशाला घाबरली, काय शिकली. 'केरसुणी पाहिली, की पलंगाखाली जाते. कोणीतरी मारले असेल.' 'दुकानाच्या शटरच्या आवाजाने लघवी केली.' 'लहान मुलांना घाबरत नाही, पण ताटलीजवळ कोणी आले तर गुरगुरते.' दर रविवारी वजन. आली तेव्हा अडीच किलो होती. प्लास्टर निघाले त्या दिवशी साडेचार किलो भरली. थोडी लंगडायची, पण पळायची.

पाय बरा झाला, तेव्हा चाळीतले एक काका म्हणाले, "आता सोडा की रस्त्यावर." त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. रस्त्यावरच्या प्रत्येक कुत्र्याला घर हवेच असते, असे नाही. मुंबईत पूर्वी पालिका अशी कुत्री मारत असे. १९९४ पासून ते थांबले आणि नसबंदी व लस यांवर भर आला. २०२३ च्या नियमांप्रमाणे नसबंदी केलेला निरोगी कुत्रा साधारणपणे त्याच्याच वस्तीत परत सोडतात. (शाळा, रुग्णालये अशा आवारांसाठी सर्वोच्च न्यायालयाने २०२५ मध्ये वेगळा आदेश दिला.) पण खारी वाढली घरात. तिला वाहने चुकवता येत नव्हती, उकिरड्यावर अन्न शोधता येत नव्हते. तिला घरच हवे होते.

"मग आपणच ठेवू ना, मावशी," मुलगा म्हणाला. मलाही तसे वाटत होते, हे मी नाकारत नाही. पण कुत्रा बारा-पंधरा वर्षे जगतो आणि आम्ही दोघे साठीच्या पुढचे. मी त्याला अमानत शब्दाची आठवण दिली. तो दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

आम्ही दवाखान्यात खारीचा फोटो लावला. पहिले गृहस्थ आले, त्यांना गोदामावर साखळीने बांधायला कुत्रा हवा होता. दुसऱ्या कुटुंबाला तो मुलाच्या वाढदिवसाची भेट म्हणून हवा होता. घरातले सगळे सकाळी आठला बाहेर पडत आणि रात्री परतत. ही माणसे वाईट नव्हती. पण खारीसाठी ती घरे योग्य नव्हती. नाही म्हणताना मला संकोच वाटला. मुलाला मुळीच वाटला नाही. त्याने वही काढली आणि विचारले, "दुकानाचे शटर तुमच्या घराच्या किती जवळ आहे?"

खारी पाच महिन्यांची होत आली, तेव्हा ठाण्याहून एक नर्सबाई आणि त्यांची कॉलेजात जाणारी मुलगी आल्या. आईची पाळी बदलती, त्यामुळे घरात बहुतेक वेळ कोणीतरी असे. त्यांनी खारीला हात लावण्याआधी आम्हांलाच प्रश्न विचारले: तिला काय आवडते, कशाची भीती वाटते, पायाला पुढे काय करावे लागेल. नसबंदी करून घेण्याचे त्यांनी मान्य केले. आम्ही त्यांच्या घरी जाऊन आलो. खिडक्यांना जाळ्या होत्या. मुलाने केरसुणी कुठे ठेवतात, तेही पाहिले.

त्यांना उर्दू वाचता येत नव्हते. म्हणून मुलाने पूर्ण वही मराठीत लिहून काढायचे ठरवले. त्याला तीन संध्याकाळी लागल्या. 'लंगडणे', 'गुरगुरणे', 'दचकणे' हे शब्द तो मला विचारून लिहायचा. शुद्धलेखनाच्या चुका झाल्या, त्या मी तशाच राहू दिल्या.

रविवारी त्या खारीला न्यायला आल्या. तिचे वजन साडेआठ किलो भरले. आम्ही तिच्यासोबत तिची ताटली आणि तिच्या वासाची जुनी चादर दिली. नानी दारात उभ्या राहिल्या. मुलगा कोपऱ्यापर्यंत टॅक्सीमागे चालत गेला आणि नंतर जिन्यात बसून रडला. मी त्याला गप्प केले नाही.

रात्री दहाला फोन आला. "खारी दाराकडे तोंड करून बसली आहे. काही खात नाही. आम्ही काय करू?" नर्सबाई काळजीत होत्या. मुलाने माझ्या हातातून फोन घेतला.

"वहीचे पहिले पान उघडा," तो म्हणाला.

पलीकडे नर्सबाईंनी मोठ्याने वाचले: 'पहिली रात्र. काही खाल्ले नाही. दाराकडे तोंड. दूध देऊ नये. लांब बसावे. दुसऱ्या दिवशी दुपारी भात खाल्ला.'

दुसऱ्या दिवशी दुपारी मुलगा शाळेतून थेट आमच्याकडे आला आणि फोनजवळ बसला. फोन यायला चार वाजले. तिने भात खाल्ला होता.

शब्दार्थ
केविलवाणे – दया यावी असे. अलगद – हळूच, जपून. पडवी – घरापुढची छपराखालची जागा. मुकाट्याने – काही न बोलता. पाळी – कामाची ठरलेली वेळ. केरसुणी – झाडू.

स्वाध्याय
१. जखमी पिल्लाला उचलण्याआधी लेखिकेने मुलाला का थांबवले?
२. 'दत्तक' आणि 'तात्पुरता सांभाळ' यांतला फरक तुमच्या शब्दांत लिहा.
३. नानींनी कोणती गोष्ट नाकारली आणि कोणती मान्य केली?
४. पहिल्या दोन घरांना लेखिकेने नकार का दिला? तुम्ही काय केले असते?
५. उर्दूत आणि मराठीत थोड्या फरकाने येणारे पाच शब्द शोधा व वाक्यांत वापरा.